सासऱ्यांच्या पट्ट्या आणि तुमचा प्रस्ताव

पत्र : मी देवगड तालुक्यात राहते. एम.कॉम., एमबीए झालंय, वय ३६. जवळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. घरची चारशे कलमं आहेत, ती सासरे आणि मिस्टर बघतात. पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, पण माझा प्रस्ताव दोनदा परत आलाय. विषय होता ‘कोकणातील आंबा व्यवसायाचे व्यवस्थापन : समस्या व उपाय’. पहिल्यांदा कमिटी म्हणाली, फार व्यापक आहे. मी ‘कोकणातील’ काढून ‘देवगड तालुक्यातील’ घातलं. दुसऱ्यांदा म्हणाले, यात संशोधनाचा प्रश्न कुठे आहे? आणि हे मॅनेजमेंट की शेती अर्थशास्त्र? गाइड चांगले आहेत, पण त्यांना वेळ नाही. एकानं सिनॉप्सिस तयार करून देतो म्हणून रक्कम सांगितलीय. विषयच बदलू का? बँकिंग किंवा डिजिटल मार्केटिंगचे साचे तयार मिळतात. घरचे तर म्हणतात, आपल्याच धंद्यात शोधण्यासारखं आहे काय? गेले तीन हंगाम मी व्हॉट्सअ‍ॅपवरून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट आंबा विकते, भाव चांगला मिळतो, तरी सासरे पाऊण माल वाशीच्या दलालालाच पाठवतात. विचारलं तर म्हणतात, “फोनवरचो गिरायक भाव देता, पण पावस लागल्यावर खंय असता तो?” हे असंच चालायचं. काय करू ते सांगा.
– एक बागायतदारीण, देवगड तालुका

तुमचं पत्र वाचताना मी एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. ती ओळ तुमच्या विषयात नाही आणि कमिटीच्या शेऱ्यातही नाही. पत्र आटपता आटपता तुम्ही ती सहज लिहून गेलात : थेट विक्रीला भाव चांगला, तरी पाऊण माल दलालाला. आणि लगेच पुढे, ‘हे असंच चालायचं.’

बाई, तुमची पीएच.डी. तिथेच पडलीय. विषय बदलू नका. आहे त्या विषयातून प्रश्न बाहेर काढायचा राहिलाय, तेवढा काढा.

कमिटीनं ‘व्यापक’ म्हटल्यावर तुम्ही कोकणाचं देवगड केलंत. बहुतेक सगळे हेच करतात, मीही केलं होतं. पण त्यानं फक्त टोप बदलला, आत तीच पेज. ‘आंबा व्यवसायाचे व्यवस्थापन’ हा विषय देवगडपुरता घेतला तरी त्यात फवारणी आली, मजूर आले, गुरख्यांचा पगार आला, कॅनिंग, वाहतूक, निर्यात, विमा, बँकेचं कर्ज, सगळं आलं. त्यापुढे ‘समस्या व उपाय’ जोडलं की उत्तर काय निघणार ते वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतं : समस्या पुष्कळ आहेत, सरकारनं लक्ष घालावं. तीनशे पानं लिहून तुम्ही तिथेच पोचाल, आणि ते तर तुमचे सासरे माडीवर बसून पाच मिनिटांत सांगतात.

माझी गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकात मी पहिला प्रस्ताव घेऊन गेलो तेव्हा विषय होता ‘लघुउद्योगांतील कामगारांचे कार्यसमाधान’. समोर एक वृद्ध परीक्षक होते. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “समाधान जास्त निघालं तर तुम्ही काय म्हणाल? आणि कमी निघालं तर?” मी म्हटलं, जास्त निघालं तर चांगलं, कमी निघालं तर उपाय सुचवीन. ते म्हणाले, “म्हणजे काहीही निघालं तरी तुमचं कुठलंच मत बदलणार नाही. मग एवढी फॉर्म वाटायची दगदग कशाला?” रत्नागिरीला परत येताना एसटीत मला त्यांचा रागच होता. चिपळूणच्या पुढे तो ओसरला. तेव्हापासून समोर येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाला मी तेच विचारतो : उत्तर असं निघालं तर कुणाचं म्हणणं खोटं पडेल, आणि तसं निघालं तर कुणाचं?

आता तुमच्या सासऱ्यांकडे येऊ. जास्त भाव देणारं गिऱ्हाईक फोनवर बसलेलं असताना माणूस माल कमी भावाला का पाठवतो? कायद्याची सक्ती आहे म्हणावं, तर राज्य सरकारनं २०१६ च्या जुलैत फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. म्हणजे कायदा आडवा येत नाही. रस्ते आहेत, कुरिअर आहे, मोबाइलवर पैसे येतात. तरीही पेट्या वाशीलाच चालल्यात. तुमच्या प्रस्तावाचं पहिलं पान याच कोड्यानं सुरू व्हायला हवं. ‘आंबा हा फळांचा राजा असून’ या वाक्यानं नको. तसं सुरू झालेले प्रस्ताव मी इतके वाचलेत की आता राजाचीच दया येते.

या ‘का’ला निदान चार उत्तरं संभवतात, आणि ती एकमेकांशी भांडणारी आहेत. पहिलं उत्तर उचलीचं. पावसाळ्यानंतर फवारणीला, राखणीला पैसा लागतो. दलाल तो आगाऊ देतो आणि माल त्याच्याकडे बांधला जातो. कर्जाचा बाजार आणि मालाचा बाजार असे एकमेकांत अडकतात, यावर प्रणव बर्धन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास बरंच लिहिलंय, ते तुम्हाला वाचावं लागेल. दुसरं उत्तर सासऱ्यांचं : दलाल सगळा माल घेतो, लहान, डागी, पावसात सापडलेला, कधीही. फोनवरचं गिऱ्हाईक निवडून घेतं आणि पाऊस लागला की गायब होतं. म्हणजे सासरे कमी भाव सोसून खात्री विकत घेतायत. तिसरं उत्तर व्यवहाराच्या खर्चाचं : गिऱ्हाईक शोधणं, त्याला भाव पटवणं, तक्रार मिटवणं, यालाही किंमत पडते. अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हर विल्यमसन यांना २००९ चं नोबेल मिळालं ते याच विचाराच्या विस्ताराबद्दल. आणि चौथं उत्तर नात्याचं. आजारपणात किंवा घरच्या लग्नात ज्यानं कागद न करता पैसे पाठवले, त्याला माल न देणं हे बागायतदाराला जमत नाही. कायद्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकॉले यांनी १९६३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या धंदेवाल्यांबद्दल असंच काहीसं दाखवलं होतं, की लेखी करार हाताशी असूनही माणसं व्यवहार शब्दावर आणि संबंधांवर चालवतात. विस्कॉन्सिनात जे चालतं ते आपल्या देवगडच्या पडेल-जामसंड्यात कितपत चालतं, हे अजून कुणीतरी नीट बघायचंय.

ही चार उत्तरं शेजारी शेजारी मांडून ‘सर्व घटक महत्त्वाचे आहेत’ असं लिहिलंत तर प्रस्ताव तिसऱ्यांदा परत येईल. त्यांना झुंजवायला हवं. ते कसं, ते जरा सावकाश सांगतो, कारण प्रस्तावाचा जीव इथे आहे.

समजा उचलीचं उत्तर खरं आहे. मग हंगामाच्या सुरुवातीला, उचल फिटेपर्यंत, पेट्या वाशीला जातील, आणि फिटली की थेट विक्री वाढायला लागेल. आता समजा सासऱ्यांचं उत्तर खरं आहे. मग चित्र बरोबर उलटं दिसेल : मार्च-एप्रिलमध्ये, माल थोडा आणि गिऱ्हाईक हावरं असताना, थेट विक्री जास्त; आणि मे उतरायला लागला, ढग दिसायला लागले, की सगळं वाशीला किंवा कॅनिंगला. बघा, एकच हंगाम, तेच कलम, तोच बागायतदार, पण दोन उत्तरं दोन वेगवेगळे आलेख काढून दाखवतात. प्रत्यक्षात कुठला निघतो ते तुम्ही शोधायचं. असं काही कमिटीपुढे ठेवलंत की ‘प्रश्न कुठे आहे’ हे कुणी विचारणार नाही. विचारतील ते यापेक्षा अवघड. एखादे जाणते सदस्य नक्की म्हणतील, की सुरुवातीच्या पेट्यांना वाशीतही भाव चढाच असतो, मग सुरुवातीला माल तिकडे गेला तो उचलीमुळे की भावामुळे? याचं उत्तर तयार ठेवा : उचल न घेतलेले बागायतदारही अभ्यासात असले पाहिजेत. त्यांचाही माल सुरुवातीला वाशीलाच जात असेल तर कारण भाव. त्यांचा जात नसेल आणि उचलवाल्यांचा जात असेल तर कारण उचल. उचल घेतलेले आणि न घेतलेले, थेट विकणारे आणि न विकणारे, असा चार खणांचा डबा करा आणि प्रत्येक खणात माणसं मिळतायत का ते आधी चाचपून बघा. ज्या खणात कुणीच मिळत नाही, तो रिकामा का, हेही लिहिण्यासारखं असतं. आणि उचल न घेताही जो इमानेइतबारे वाशीला पाठवतो, त्याच्याशी तासभर बसा. पुढच्या वर्षी गरज पडली तर मिळावी म्हणून तो वाट राखून ठेवत असेल. आकड्यांत हे दिसणार नाही, बोलण्यात निघेल.

आता ‘मोजायचं काय’ याकडे येतो. तुमच्या घरात एक तार असेल, खुंटीला टांगलेली, तिच्यात दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, ओवलेल्या. तारीख, किती पेट्या, किती डझनी, काय भाव, वाहतूक, हमाली, हातात आलेली रक्कम. बागायतदार ती तार वर्षानुवर्षं टाकत नाही, आणि बघतही नाही. ती तार म्हणजे तुमची विदा, तुमचा डेटा. प्रश्नावलीत ‘तुम्ही किती टक्के माल थेट विकता?’ असं विचारलंत तर माणूस ऑगस्टमध्ये आठवून सांगेल, आणि आठवण नेहमी गोड बाजूला झुकते. पट्टी झुकत नाही. थेट विक्रीची बाजू तुम्हाला मोबाइलवर आलेल्या पैशांच्या नोंदींतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरींतून काढता येईल. पंचवीस-तीस घरं तीन हंगामांच्या पट्ट्या द्यायला तयार झाली, तर हजारेक पाठवण्या हाताशी येतील. आणि अभ्यासाचं एकक बागायतदार ठेवू नका, ‘एक पाठवणी’ ठेवा. सासरे निर्णय हंगामाला एकदा घेत नाहीत. रोज दुपारी, आढीतून आंबे काढून पेट्या भरताना, घेतात.

भावाचीही एक गंमत बघा. आकडे फक्त समजुतीपुरते घेतो. तुमचं थेट गिऱ्हाईक डझनाला हजार देतं, वाशीची पट्टी डझनाला सहाशेची येते. घरात म्हटलं जात असेल, चारशेचा फायदा. पण थेट जातो तो निवडलेला आंबा, मोठा, बिनडागी, एकसारखा. वाशीला जातो तो उरलेला. तोच निवडक माल वाशीला धाडला असता तर कदाचित साडेआठशे आले असते. मग खरा फरक दीडशेचा. त्यातून खोका गेला, कुरिअर गेलं, आत साका (खराब झालेला गर) निघाला म्हणून बदलून दिलेलं डझन गेलं. आणि रात्री अकराला ‘ताई, आंबे अजून हिरवेच आहेत हो’ म्हणून येणारे फोन. ते कोण घेतं? तुम्ही. पत्ते कोण लिहितं, पैसे आले की नाही ते कोण तपासतं? त्या तासांची किंमत कुठल्याच पट्टीवर लिहिलेली नाही. थेट विक्रीचं गणित घरातल्या बाईचे तास फुकट धरून मांडलेलं असतं, असा माझा जुना संशय आहे. तो खरा निघाला तर तुमच्या प्रबंधातली ही सर्वांत मोलाची गोष्ट ठरेल. खोटा निघाला तर मी गप्प बसेन. पण त्यासाठी दोन हंगाम आठ-दहा घरांतल्या बायकांना रोजचे तास वहीत लिहायला लावावे लागतील. हे काम पुण्याहून आलेल्या संशोधकाला जमणार नाही, तुम्हाला जमेल.

मॅनेजमेंट की शेती अर्थशास्त्र? कमिटीचा हा प्रश्न कुचका वाटला तरी रास्त आहे. तुम्ही हेक्टरी उत्पादन, लागवडीचा खर्च, तालुक्यातला एकूण नफा-तोटा मोजत बसलात तर ते शेती अर्थशास्त्रच, आणि ते दापोलीच्या कृषी विद्यापीठात जास्त चांगलं होतं. पण एक छोटा धंदेवाला विक्रीचे दोन मार्ग एकाच वेळी कसे चालवतो, कुठला माल कुठे पाठवतो, मध्यस्थाशी कागदाविना बांधलेला व्यवहार कसा सांभाळतो, हा मॅनेजमेंटचा गाभा आहे. विक्री-मार्गांची निवड, पुरवठा साखळीतले संबंध, कुटुंबाच्या धंद्यातले निर्णय, या तीन शाखांत त्यावर लिहिलेलं सापडेल. वाचताना प्रत्येक शोधनिबंधाचा सारांश लिहित बसू नका. ‘अमुक यांनी तमुक साली असे म्हटले’ अशी पन्नास वाक्यं एकाखाली एक रचली की ते साहित्य परीक्षण होत नाही, हजेरीपट होतो. कोण कुणाशी भांडतंय ते शोधा आणि त्या भांडणात सासऱ्यांना उभं करा. शोधगंगा या संकेतस्थळावर आधीचे प्रबंध मोफत वाचायला मिळतात, आंब्यावरचे तर भरपूर. चार-पाच उघडा आणि प्रत्येकाच्या शेवटच्या प्रकरणात बघा, काय उलगडायचं राहिलंय. मला विचाराल तर पुष्कळांत ‘मध्यस्थ शोषण करतात’ हे गृहीत धरलेलं दिसतं, तपासलेलं क्वचितच. म्हणून दलालांशीही बोला. त्यांच्या बुडालेल्या उचलींचे हिशेब ऐकल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

कुणीतरी तुम्हाला ३८४ चा सल्ला देईलच, म्हणून आधीच सांगतो. आपल्याकडे व्यवस्थापनातला प्रबंध म्हटला की नमुना ३८४. हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातून येतो आणि लाखाच्या वर लोकसंख्या असली की तो जवळजवळ तेवढाच राहतो. पण तो बसतो केव्हा? तुम्ही यादीतून चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली असतील आणि तुम्हाला एखादं प्रमाण पाच टक्क्यांच्या फरकानं अंदाजायचं असेल तेव्हा. ओळखीनं, शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडून, मिळतील तशी ३८४ माणसं गोळा केली तर तो आकडा नुसता पवित्र धागा होतो. तुमच्या प्रश्नाला तीस घरं आणि त्यांच्या हजार पाठवण्या जास्त उपयोगी आहेत, आणि का, ते प्रस्तावात दोन परिच्छेदांत धिटाईनं लिहा.

तसंच ‘पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत’ या पाच पायऱ्यांचं. माझा एक विद्यार्थी असे चाळीस प्रश्न घेऊन एप्रिलच्या मध्यावर एका बागेत गेला. बागायतदार पेट्या भरत होता. तिसऱ्या प्रश्नाला तो म्हणाला, “मधलोच लिवा सगळीकडे, आणि हय बसून दोन पेटये बांधूक लागा.” पोरानं दोन्ही केलं. त्या दिवशी त्यानं बांधलेल्या पेट्या भरलेल्या फॉर्मपेक्षा जास्त खऱ्या होत्या. तेव्हा मुलाखती पावसात घ्या. जून ते सप्टेंबर बागायतदार घरी सापडतो, चहा होतो, गप्पा लांबतात. हंगामात फक्त बघा आणि नोंदी करा. उचलीचा व्यवहार पावसाळा सरल्यावर ठरतो, तेव्हा पुन्हा एक फेरी मारा. तुमच्या कामाचं वेळापत्रक मोहरानं आणि पावसानं ठरवलंय, ते प्रस्तावात तसंच दाखवा. ‘पहिले सहा महिने साहित्य परीक्षण, पुढचे सहा महिने विदा संकलन’ असा छापील तक्ता दिलात आणि ते विदा संकलनाचे सहा महिने नेमके ऑक्टोबर ते मार्च निघाले, तर जाणकार हसेल.

प्रश्न मालवणीत विचारा. ‘तुमच्या मध्यस्थावरील विश्वासाची पातळी’ असं कुणी बोलत नाही. ‘पट्टी इली की ती मोजून बघतास काय?’ हे विचारा. विश्वास त्यात कळतो. प्रबंध इंग्रजीत लिहावा लागणार म्हणून धास्ती असेल, तर आधी दोन पानं मराठीत लिहा. मराठीत जे धड सांगता येत नाही ते इंग्रजीत नुसतं झाकलं जातं.

नमुना म्हणून प्रस्तावातला एक परिच्छेद लिहून दाखवतो. उतरवून घेऊ नका, वळण बघा :

“देवगड तालुक्यातील हापूस बागायतदारांना २०१६ नंतर थेट विक्रीस कायद्याची अडचण उरलेली नाही. तरीही अनेक बागायतदार मालाचा मोठा भाग कमी दरात पारंपरिक मध्यस्थाकडे पाठवतात. याचे कारण आगाऊ उचल, उरलेल्या मालाच्या विक्रीची खात्री, थेट व्यवहाराचा अदृश्य खर्च की जुने संबंध, याविषयी उपलब्ध सिद्धांत परस्परविरोधी अपेक्षा मांडतात. प्रस्तुत अभ्यास प्रत्येक हंगामातील पाठवण्यांच्या क्रमावरून या अपेक्षा पडताळून पाहील.”

इतकंच. यात आंब्याची थोरवी नाही आणि कोकणचं सौंदर्यही नाही. शीर्षक सगळ्यात शेवटी ठरवा.

जरा नाजूक गोष्ट. तुम्ही बागायतदाराची सून आहात. त्यामुळे दारं उघडतील आणि तोंडं बंदही होतील. कोणी कुणाकडून किती उचल घेतली हे गावात कळलं तर लग्नं मोडायची वेळ येते. प्रत्येक घराला आकडा द्या, नावांची यादी वेगळ्या वहीत, कुलपात ठेवा. पट्टीचा फोटो काढलात तरी दलालाचं नाव आणि बागायतदाराचं नाव झाकून पुढच्या कामाला वापरा. परवानगी लेखी घ्या, आणि देणाऱ्याला केव्हाही मागे फिरता येईल हे त्याला मालवणीत सांगा. आणि स्वतःचं घर नमुन्यात घेऊ नका. सासऱ्यांपासून प्रश्न मिळाला, तेवढं त्यांचं देणं पुरे. तुम्ही स्वतः थेट विक्री करता, म्हणजे या भांडणात तुमची एक बाजू आहे, हे प्रस्तावातच उघड लिहा. लपवलंत तर ते कोणीतरी तोंडी परीक्षेत काढेल.

वेळेची भीती बाळगू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, स्त्री संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. अर्धवेळही करता येते. प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती त्याच नियमावलीत गेली. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट काय आहे ते मात्र कार्यालयात जाऊन लेखी बघा, कॉरिडॉरमधल्या माहितीवर जाऊ नका. तीन हंगामांची विदा हवी म्हणजे चार-साडेचार वर्षं गेलीच, आणि ती मुदतीत बसतात.

सिनॉप्सिस लिहून देणाऱ्याला पैसे देऊ नका. चोरी वगैरे आहेच, आयोगाच्याच २०१८ च्या नियमावलीप्रमाणे दहा टक्क्यांपुढे साम्य गेलं की पायरीपायरीनं कारवाई होते. पण त्याहून व्यवहाराची अडचण अशी की कमिटीनं ‘पाठवणी हेच एकक का?’ विचारलं तर उत्तर त्याला देता येणार नाही आणि तुम्हालाही नाही. गाइडना वेळ नाही म्हणता, तर त्यांच्यापुढे वीस पानं नेऊ नका. कोडं, चार उत्तरं, दोन उलटे आलेख, एवढं एका पानावर घेऊन जा. एक पान कुणीही उभ्या उभ्या वाचतो.

कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून खपवतात, २०१८ च्या भौगोलिक मानांकनाचा काय उपयोग झाला, हा विषय घ्या असं तुम्हाला नक्की कोणीतरी सुचवेल. सुंदर विषय आहे. दुसऱ्या कुणाला करू द्या. तुमच्याकडे तार आहे.

आणि ती तार आजच खाली काढा. हे पत्र तुम्ही मेच्या शेवटी लिहिलंय, म्हणजे पाऊस लागायच्या आधी थोडेच दिवस हातात आहेत. कार्बनच्या पट्ट्यांची शाई दमट हवेत फिकट होते, कागद एकमेकांना चिकटतात, आणि खुंटीजवळची भिंत पावसात ओल धरत असेल तर खालच्या पट्ट्यांना वाळवी लागलेली असण्याचीही शक्यता आहे. उजेडात, अंगणात, एकेक पट्टी सपाट ठेवून फोटो घ्या, तारीख आणि डझनीचा खाना दिसेल असे. सासऱ्यांना शेजारी खुर्ची द्या. जुनी पट्टी हातात आली की ते त्या वर्षीचं काहीतरी सांगतीलच. ते पाठच्या बाजूला लिहू नका, वेगळ्या वहीत लिहा, पट्टीचा आकडा घालून.